डबा बदलला, नाव सांगायचे राहिले

खानापूर तालुक्यातल्या एका वाचकांचे सहा पानी पत्र आले आहे. त्यातली चार पाने उज्जैनच्या यात्रेची आणि दोन गाडीची. महाकालाचे दर्शन, पहाटेची भस्म आरती, गर्दीत हरवून सापडलेली आईंची पिशवी, सगळे त्यांनी फार छान लिहिले आहे. पण या सदराला गाडीच लागते, म्हणून शेवटच्या दोन पानांकडे वळतो. पत्र वाचून मला आनंद झाला आणि थोडी चीडही आली. आनंद उज्जैनच्या मिस्त्रीबद्दल, चीड आपल्याकडच्या गॅरेजबद्दल. दोघांचीही नावे इथे देत नाही.

गाडी २०१४ ची, पुण्याहून वापरलेली घेतलेली. निघण्याआधी महिनाभर तिच्या एबीएसच्या इलेक्ट्रॉनिक भागात पाणी शिरले आणि तो बंद पडला. नव्या भागाची किंमत पाच आकडी. म्हणून गॅरेजवाल्याने भंगार बाजारातून तसाच दिसणारा भाग आणून बसवला. डॅशबोर्डवरचे दोन पिवळे दिवे मात्र गेले नाहीत. ‘चालवा, आपोआप जातील,’ असे सांगण्यात आले. दिवे आपोआप जात नाहीत, वाचकहो. ते गेले नाहीत आणि तसेच बेळगाव, पुणे, धुळे, सेंधवा करत हजारेक किलोमीटर मंडळी उज्जैनला पोचली. सोबत पत्नी, दोन मुले आणि बहात्तर वर्षांच्या आई.

एबीएसचा पिवळा दिवा लागला म्हणजे ब्रेक गेले असे नव्हे. साधे ब्रेक लागतात. जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जखडू न देण्याचे काम तेवढे बंद पडते. (पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला तर मात्र एक मैलही पुढे जाऊ नका.) जाताना चढ होता, म्हणून निभावले. खरी काळजी परतीची होती. माळव्याच्या पठारावरून मानपूरपुढे नर्मदेच्या खोऱ्यात उतरायचे, खलघाटला नदी ओलांडायची, सातपुडा चढायचा आणि सेंधव्यानंतर बिजासनचा घाट उतरून महाराष्ट्रात यायचे. दिवस श्रावणाचे. तिकडचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस सुरू होतो, म्हणजे ऐन पावसाचे. उतारावर पुढे-मागे अवजड ट्रक. अशा रस्त्यावर, आई मागच्या सीटवर बसलेल्या असताना, एबीएस नसलेली गाडी चालवायला यांचा जीव होईना. गॅरेजला फोन केला तर उत्तर मिळाले, ‘तो भागही खराब निघाला वाटते. परत आल्यावर नवीन टाकू.’

उज्जैनमध्ये धर्मशाळेच्या व्यवस्थापकाने देवास रोडकडच्या एका छोट्या गॅरेजचा पत्ता दिला. तिथल्या मिस्त्रीने बॉनेट उघडलेच नाही. ड्रायव्हरच्या पायांजवळ, स्टिअरिंगच्या खाली असलेल्या सॉकेटमध्ये वायर घातली, लॅपटॉप उघडला, पाच मिनिटे वाचले आणि म्हणाला, ‘दिमाग तो बदल दिया भाई साहब, पर उसको गाडी का नाम नहीं बताया.’

या एका वाक्यात सगळा विषय आला. तरी जरा विस्ताराने सांगतो, कारण हा प्रश्न केवळ एका गाडीचा राहिलेला नाही.

पूर्वी गाडीतला भाग म्हणजे वस्तू होती. डायनॅमो बदलला की काम संपले. आता इंजिन, ब्रेक, एअरबॅग, स्टिअरिंग, एसी, दारांची कुलुपे, प्रत्येकाचा एक छोटा संगणक असतो. त्याला मॉड्युल म्हणतात, आपले मिस्त्री ‘डबा’ म्हणतात. हे डबे दोन पिळलेल्या तारांवरून एकमेकांशी सारखे बोलत असतात. ही पद्धत जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे मांडली. आता कंपनी काय करते, तर एकच डबा पाच-सहा प्रकारच्या गाड्यांत बसवते. कुठे इंजिन मोठे, कुठे चाके लहान, कुठे घसरण रोखणारी यंत्रणा आहे, कुठे नाही. डबा कारखान्यातून येतो तेव्हा त्याला हे सगळे करता येते, पण आपण कोणत्या गाडीत आहोत हे त्याला ठाऊक नसते. नवा तलाठी गावात आला की कायदा त्याला पाठ असतो, पण कोणाचे शेत कुठे हे गावकऱ्यांनी दाखवावे लागते, तसेच हे. ते दाखवण्याचे काम आकडे आणि अक्षरे यांची एक ओळ करते. तिलाच कोडिंग म्हणतात.

भंगारातून आणलेल्या डब्याची गोष्ट आणखी वेगळी. त्याला गाव माहीत असते, पण दुसरे. तो जुन्या गाडीचेच हिशेब करत राहतो, बाकीच्या डब्यांशी त्याचे जुळत नाही आणि सावध असेल तर तो काम थांबवून दिवा लावतो. दिवा लावला हे चांगलेच. चुकीच्या समजुतीवर तो काम करत राहिला असता तर जास्त धोका होता.

हाच प्रकार डिझेल गाडीच्या इंजेक्टरमध्ये तर रोज घडतो. कॉमन रेल इंजिनाच्या पुष्कळ इंजेक्टरांच्या डोक्यावर बारीक अक्षरांत एक संकेतांक कोरलेला असतो. दोन इंजेक्टर कितीही काळजीने बनवले तरी ते अगदी सारखे डिझेल सोडत नाहीत. तो फरक या संकेतांकात लिहिलेला असतो आणि नवा इंजेक्टर घातला की तो इंजिनच्या डब्यात भरावा लागतो. न भरता गाडी चालू होते, म्हणून पुष्कळ गॅरेजांत भरतच नाहीत. मग गाडी थरथरते, धूर सोडते, डिझेल जास्त पिते आणि मालक पुन्हा पंपाच्या दुरुस्तीवर पैसे घालतो. इंजेक्टर बदलून घेतलात तर ‘नंबर भरला का?’ एवढे जरूर विचारा. बसवण्याआधी मोबाइलवर प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्याचा फोटो घ्या आणि कोणता कोणत्या सिलिंडरवर गेला तेही लिहून ठेवा. एकदा बसले आणि वर झाकण आले की ती अक्षरे वाचायला मान मोडते.

डबा खरोखर मेला आहे की त्याला नाव सांगायचे राहिले आहे, हे ओळखायचे कसे? स्कॅनरने जो बिघाड-संकेत दिला असेल तो कागदावर लिहून मागा. पी ०६०१ किंवा पी ०६०६ आला, तर इंजिनच्या डब्याच्या आतल्या स्मरणात किंवा प्रक्रियेतच दोष असण्याची शक्यता मोठी. पी ०६०२ म्हणजे डब्यात प्रोग्रॅम नीट भरलेला नाही. पी ०६१० म्हणजे गाडीत काय काय बसवले आहे याची नोंद जुळत नाही. शेवटचे दोन आले आणि कोणी ‘डबा गेला’ म्हणाले, तर खिशाला हात लावू नका. यू अक्षराने सुरू होणारे संकेत संभाषणाचे असतात. यू ०१२१ म्हणजे एबीएसच्या डब्याचा आवाज ऐकू येत नाही. अशा वेळी दोष पुष्कळदा डब्यात नसून फ्यूज, अर्थिंग किंवा गंजलेल्या कनेक्टरमध्ये असतो. आपल्याकडे कोकणाला लागून असलेल्या पट्ट्यात चार महिने पाऊस, त्यात उंदरांची वायरींवर विशेष प्रीती. दहा रुपयांचा फ्यूज न पाहता हजारोंचा डबा मागवणारे मी पाहिले आहेत.

आता समजा कोडिंग करायला घेतले आणि सॉफ्टवेअरने ते नाकारले. इथेच बहुतेक मिस्त्री घाबरतात किंवा ‘डबाच खराब’ असे सांगून मोकळे होतात. नकारांचेही प्रकार असतात. गाडी आणि स्कॅनर यांच्या बोलण्याचे १४२२९ क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यात प्रत्येक नकाराला अंक दिलेला आहे. ३१ हा अंक आला तर डबा म्हणतो आहे, ‘तू सांगतोस ते माझ्या कक्षेत बसत नाही.’ म्हणजे भरलेली ओळ चुकली आहे किंवा डब्याचा प्रकारच या गाडीचा नाही. ३३ आला तर ‘तुला अधिकार नाही.’ आधी परवलीचा अंक द्यायला हवा. आणि २२ आला तर ‘आता परिस्थिती योग्य नाही.’ इंजिन चालू असेल, इग्निशन अर्धवट असेल, गाडी हलत असेल किंवा बॅटरी उतरली असेल. तिन्ही नकारांत डबा जिवंत आहे, तो बोलतो आहे. मेलेला डबा उत्तरच देत नाही. एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुष्कळ पैसे वाचतात.

उज्जैनला पहिला नकार आला तो २२ चा. दारे उघडी, पंखा चालू, मुले आत गाणी ऐकत बसलेली, बॅटरी तीन वर्षांची. मिस्त्रीने मीटर लावला तर दाब बारा व्होल्टच्याही खाली. कोडिंग चालू असताना दाब पडला तर ओळ अर्धवट लिहिली जाते आणि चांगला डबा खरोखर बिघडू शकतो. निदान साडेबारा व्होल्ट टिकून राहिले पाहिजेत, म्हणून चांगला माणूस चार्जर जोडल्याशिवाय या कामाला हात लावत नाही. त्याने चार्जर जोडला आणि सांगितले, ‘दोन तास फिरून या.’

मंडळी रिक्षा करून वेधशाळा पाहायला गेली. पत्रात यावर एकच ओळ आहे, ‘उन्हात दगडी जिने पाहिले, मुले कंटाळली.’ मला मात्र तिथे थांबावेसे वाटते. जयपूरच्या सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात दिल्ली, जयपूर, उज्जैन, काशी आणि मथुरा अशा पाच ठिकाणी वेधशाळा बांधल्या. उज्जैनची पडझड झाल्यावर १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार करवला आणि तिचे पहिले अधीक्षक झाले गोविंद सदाशिव आपटे, ज्योतिषगणिताचा मोठा व्यासंग असलेले मराठी पंडित. तिथल्या सम्राट यंत्राची जी तिरपी भिंत आहे, तिचा कोन उज्जैनच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे २३ अंश ११ कला ठेवलेला आहे. जयपूरच्या यंत्राचा कोन सुमारे २७ अंश. दोन्ही यंत्रे एकाच राजाची, एकाच धर्तीची, दोन्ही निर्दोष. पण जयपूरचे यंत्र जसेच्या तसे उचलून उज्जैनला ठेवले तर ते वेळ चुकीची दाखवील. यंत्र बिघडले म्हणून नव्हे, जागा बदलली म्हणून. शिवाय बरोबर बसवलेल्या यंत्रावरही उज्जैनची स्थानिक वेळ दिसते. घड्याळाची वेळ काढायला रेखांशाच्या फरकाची सुमारे २७ मिनिटे मिळवावी लागतात, वर दिवसागणिक बदलणारी दुरुस्ती वेगळी. आपट्यांना कोणी म्हणाले असते की यंत्राची वेळ माझ्या घड्याळाशी जुळत नाही, भिंत पाडून नवी बांधा, तर त्यांनी काय उत्तर दिले असते कोण जाणे. आपल्या गॅरेजांत रोज भिंती पाडल्या जातात.

दोन तासांनी दुसरा प्रयत्न. मिस्त्रीकडे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या एका गाडीची ओळ लिहून ठेवलेली होती. ती भरली तर नकार ३१. ती गाडी वरच्या श्रेणीची, हिची श्रेणी खालची. आता अंदाजाने एकेक अंक बदलून पाहण्याचा मोह होतो. पुष्कळजण तेच करतात आणि कधीतरी डबा ‘हो’ म्हणतो. पण त्याने ‘हो’ म्हटले म्हणजे ओळ बरोबर आहे असे नाही. कक्षेत बसणारा पण चुकीचा अंक तो मुकाट्याने घेतो. दिवा विझतो आणि ब्रेकचा हिशेब मात्र दुसऱ्या गाडीचा राहतो. या मिस्त्रीने ते केले नाही, म्हणून मी त्याला मानतो. त्याने विचारले, ‘गाडीचे जुने कागद काही आहेत का?’

आमचे वाचक पडले सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. प्रत्येक पावती जपून ठेवणारे. आरसी बुकाच्या फाइलमध्ये, गाडी घेताना पुण्यात केलेल्या तपासणीची छापील पाने होती. त्यात प्रत्येक डब्याचे नाव, भाग क्रमांक, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि कोडिंगची ओळ, सगळे होते. भंगारातल्या भागाचा क्रमांक जुन्याशी जुळला, हे नशीब. क्रमांक जुळला नसता तर कोणतीही ओळ उपयोगाची नव्हती. कागदावरची ओळ भरताना एक अक्षर ओ आहे की शून्य अशी शंका आली. मिस्त्री हसला. या गाडीतल्या ओळी सोळाच्या मोजणीत असतात, त्यात शून्य ते नऊ अंक आणि ए ते एफ ही सहाच अक्षरे येतात. ओ येतच नाही, म्हणजे ते शून्य. ओळ भरली, डब्याने घेतली. मग स्टिअरिंग सरळ धरून त्याच्या कोनाच्या सेन्सरची मूळ जागा शिकवली, कारण ते राहिले तर घसरण रोखणारी यंत्रणा सरळ रस्त्याला वळण समजते. नंतर इंदूर रस्त्याला एक फेरी मारली, परत येऊन पुन्हा सगळे वाचले आणि त्याची प्रत मालकाच्या हातात दिली. दोन्ही दिवे गेले. पैसे किती घेतले ते पत्रात आहे, पण लिहीत नाही. उद्या सगळे तेवढ्यातच मागतील.

पत्राच्या शेवटी त्यांनी विचारले आहे, ‘एवढे सोपे होते तर आमच्या गॅरेजला का जमले नाही?’

उत्तर दुहेरी आहे. पहिले शिक्षणाचे. भारतात गाड्यांना स्वतःचा बिघाड ओळखण्याची यंत्रणा एप्रिल २०१० पासून आणि तिची पुढची पायरी एप्रिल २०१३ पासून सक्तीची झाली. म्हणजे आज रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांना ते सोळा टाचण्यांचे सॉकेट आहे. पण पाना-पक्कडवर वाढलेल्या आमच्या पिढीतल्या मिस्त्रींना ते वाचायला कोणी शिकवले नाही. बाजारात काही शे रुपयांना मिळणारी निळी डबी मोबाइलला जोडून पुष्कळजण काम भागवतात. ती मुख्यतः इंजिनचे सर्वसाधारण संकेत वाचते. वाचायला ठीक आहे. कोडिंग तिचे काम नव्हे.

दुसरे उत्तर कंपन्यांचे. सॉफ्टवेअर आणि परवलीचे अंक बाहेरच्या गॅरेजला मिळू नयेत अशी व्यवस्था अनेक कंपन्यांनी वर्षानुवर्षे ठेवली. २०११ मध्ये एका ग्राहकाने याविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि सुटे भाग व तपासणीची साधने बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांनाही उपलब्ध करा असे बजावले. दंडाच्या रकमेवरून पुढे वरच्या न्यायासनांपुढे वाद चालला तो चाललाच. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश आहे. तरी २०२० नंतर आलेल्या काही युरोपीय गाड्यांत कोडिंग करायला थेट कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागते. तिथे छोटा मिस्त्री कितीही हुशार असला तरी दाराबाहेरच. चोरी आणि छेडछाड रोखायला हे हवे, असे कंपन्या म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण शंभर किलोमीटरच्या आत कंपनीचे वर्कशॉप नसलेल्या माणसाने काय करायचे, याचे उत्तर त्यांनी द्यायला हवे.

छेडछाडीचा विषय निघालाच आहे, तर सीमेपलीकडून वापरलेली गाडी आणणाऱ्यांना एक सांगतो. ज्या वायरने नाव सांगता येते, तिनेच खोटे नावही सांगता येते. अपघातात एअरबॅग उघडली की ती आणि तिचा डबा बदलायचा खर्च मोठा. तो टाळून एअरबॅगच्या जागी नुसता विद्युत-रोध जोडतात. डब्याला वाटते बॅग आहे, दिवा विझलेला राहतो आणि आत पोकळी. म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून मग विझतो का ते पाहा. लागलाच नाही तर त्याची वायरच तोडलेली असू शकते. लागून विझला म्हणूनही निर्धास्त होऊ नका. सगळ्या डब्यांची तपासणी करवा आणि डब्यांत नोंदलेला सतरा चिन्हांचा चासी क्रमांक आरसीवरच्या क्रमांकाशी जुळवून पाहा. एबीएसचा वापरलेला डबा, क्रमांक जुळत असेल आणि कोडिंग नीट होणार असेल, तर एक वेळ चालेल. एअरबॅगचा वापरलेला डबा मात्र कोणी फुकट दिला तरी घेऊ नका.

ज्यांची गाडी आज ठणठणीत आहे त्यांनी पुढच्या सर्व्हिसिंगला सगळ्या डब्यांच्या तपासणीची छापील प्रत मागून घ्यावी आणि आरसीच्या फाइलला लावावी. ‘सगळे ओके आहे’ असे तोंडी सांगतील. ते नको, कागद मागा. त्यावर कोडिंगच्या ओळी आहेत ना, हे तिथेच पाहून घ्या.

आणि या सदरासाठी पत्र लिहिताना गाडीचे वर्ष, इंधन, किती किलोमीटर झाले आणि स्कॅनरवर आलेले संकेत एवढे जरूर लिहा. या महिन्यात आलेल्या अकरा पत्रांपैकी सातांत ‘पिवळा दिवा लागतो, काय करू?’ एवढेच आहे. कोणता पिवळा, ते तरी कळवा.